एप्रनच्या खिशातले विडे

"गिऱ्हाईकानं काय दिलं ते गल्ल्यावरच्या डब्यात टाकायचं. शनिवारी मी सगळ्यांना वाटून देईन," शेठ म्हणाला.

"शेठ, डब्याला वरून भोक आहे ते दिसतंय," दादाराव म्हणाले. "खालचं कुठं उघडतं, तेवढं दाखवून ठेवा."

"माझ्यावर आळ घेतोस?"

"आळ कशाला घेऊ? परवा डबा उचलला तर जड होता, काल उचलला तर हलका. जुलाब झाले असतील त्याला."

हे भांडण मी ऐकलं ते परभणीला, बसस्टँडसमोरच्या भोजनालयात, भटारखान्याच्या पडद्याआडून. फार जुनी गोष्ट. मी तिथं पोळ्या लाटायला होते आणि दादाराव बाहेर वाढायला. तव्यावरची पोळी करपली तरी मी जागची हलले नाही, असं रंगलं होतं. शेठ म्हणाला, उद्यापासून येऊ नकोस. दादाराव म्हणाले, उद्या कशाला, आजच्या दुपारच्या गर्दीला तुम्हीच वाढा. आता शेठला एका हातावर चार ताटं धरता येत नव्हती आणि दादारावांना येत होती. म्हणून दादाराव राहिले आणि डबा गेला.

त्या दिवसापासून त्यांचा नेमच ठरला. टिप देणाऱ्याच्या हातातून घेणाऱ्याच्या हातात जायची. मध्ये डबा नाही, मालक नाही, आणि बघणारा तर कुणीच नाही.

पुढं त्यांचा मुलगा केतन आणि माझी लेक मैत्री एकाच कॉलेजात इंजिनिअर झाली, एकमेकांना पसंत पडली, आणि पोळ्या लाटणारी अन् ताटं नेणारा विहीण-व्याही झाले. पोरं कामाला हॉलंडात गेली, नीउ-व्हेनेप नावाच्या गावात घर केलं. आमचे दोघांचेही जोडीदार आधीच गेलेले. मग दर वर्षी उन्हाळा लागला की आम्ही दोघं एकाच विमानानं तिकडं जायचो आणि व्हिसा संपेपर्यंत राहायचो. एरवी ते मला 'गयाबाई' म्हणत. राग आला की 'विहीणबाई'.

दादाराव मागच्या थंडीत गेले. परभणीतच, दुपारच्या झोपेत, कुणाला त्रास न देता. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण मला सांगायची ती लीस्बेतबाईची गोष्ट. दादारावांच्या चांगुलपणापायी त्या बाईची नोकरी जायची वेळ आली होती.

माणूस दिसायला काडी. शर्ट पांढरा, इस्त्रीचा, घरात बसायचं असलं तरी. डाव्या खांद्यावर फडकं नसेल तर त्यांना उघडं वाटायचं, म्हणून मैत्रीच्या घरातला नॅपकिन सदा त्यांच्या खांद्यावर. कुणाकडे जेवायला गेलो तरी सगळ्यांचं वाढून झाल्याशिवाय बसत नसत. एकदा केतनचा गोरा साहेब घरी जेवायला आला, तर हे त्याच्या खुर्चीमागे उभे. साहेबानं दोनदा मागं वळून पाहिलं. केतन म्हणाला, "अण्णा, बसा ना." अण्णा म्हणाले, "त्यांची वाटी रिकामी झालीय." साहेबाला वाटलं, आपण काय पाप केलं की हा म्हातारा पहाऱ्यावर उभा आहे.

पहिल्या वर्षी पोरांनी आम्हाला गावातल्या कालव्याकाठच्या पॅनकेकच्या हॉटेलात नेलं. पॅनकेक म्हणजे आपलं धिरडंच, पण परातीएवढं. त्यावर काकवीसारखा काळा पाक ओतायचा. आम्ही खाल्लं. केतननं मशीनला कार्ड लावलं आणि उठला.

"टिप?" दादाराव म्हणाले.

"लागत नाही अण्णा. इथं वाढणाऱ्यांना नीट पगार असतो. बिलात सगळं धरलेलं असतं. फारच आवडलं तर वरचे सुटे सोडायचे, नाहीतर कार्ड लावायच्या आधी सांगायचं की एवढे कापा. नाही दिलं तरी कुणी तोंड वाकडं करत नाही."

"तोंड वाकडं करत नाहीत तिथंच तर द्यायची असते."

"अण्णा, आपलं इथं नका आणू."

"तुझं इंजिनिअरिंग टिपांवर झालंय, विसरू नको."

"फी स्कॉलरशिपनं झाली."

"आणि चहा?"

"चहा टिपांवर झाला," केतन म्हणाला. चहाचं त्याला नाकबूल करता येईना.

त्यानंतर दादारावांनी त्या देशात टिपेची जी लागण केली, ती विचारू नका. बसमध्ये चढताना ड्रायव्हरपुढं नाणं ठेवलं. त्यानं नाणं परत दिलं. ह्यांनी उतरताना पुन्हा ठेवलं. त्यानं बस थांबवून, खाली उतरून, रस्त्यावर येऊन ते परत दिलं आणि आत बसलेली सगळी माणसं आमच्याकडं बघत राहिली. केस कापणारीला दिली ती तिनं घेतली, तर दादाराव दर आठवड्याला केस कापायला निघाले. आणि डॉक्टरकडे तर कमाल केली. तपासून झालं, हात मिळवला, आणि हात सुटला तेव्हा डॉक्टरच्या तळव्यात घडी घातलेली नोट. डॉक्टरनं ती उलगडली, दोन्ही बाजूंनी बघितली आणि मैत्रीला विचारलं, "हे औषध मी घ्यायचं का?"

मैत्री घरी येऊन रडायची बाकी राहिली होती. तिनं समजावलं, "अण्णा, इथं डॉक्टरला, ऑफिसातल्या माणसाला पैसे देणं म्हणजे लाच वाटेल हो." केतननं त्यांच्याकडून वचन घेतलं की ह्यापुढं कुणाला काही द्यायचं नाही. दादारावांनी मान डोलावली. आता वेटरनं "हो साहेब, आणतो" म्हणून मान डोलावली म्हणजे काय, हे भोजनालयात काम केलेल्या माणसालाच कळतं. माझ्या लेकीला कळलं नाही, त्यांच्या लेकाला कळलं नाही.

त्या घडीचंही सांगायला हवं. दादाराव नोटेची घडी पानाच्या विड्यासारखी घालत. तिकोनी, टोक आत खोचलेलं, अंगठ्याच्या पेराएवढी. लग्नात मैत्रीच्या हातात त्यांनी असाच विडा ठेवला होता आणि दर वाढदिवसाला ठेवत आले. उलगडायला तिला नख लावावं लागे.

एप्रिलात जयंतीला तिथली आपली मंडळी एका हॉलमध्ये जमतात. कुणी आइंडहोवनहून, कुणी लायडस्खेनडामहून, आणि त्यांच्याबरोबर नुकतेच गावाकडून आलेले आईबाप. जय भीम झालं, वंदना झाली, भाषणं झाली, जेवणं झाली, की आईबापांची चौकशी सुरू.

"आम्ही विमानतळावरून टॅक्सीनं आलो, त्याला काय द्यायचं होतं?"

"वरचे सुटे. ते पण मन झालं तर," केतन म्हणाला.

"आणि नावेत बसवून गाव दाखवतो त्याला?"

"उतरताना एखादं नाणं."

"केस कापणाऱ्याला?"

"तुम्हाला केस आहेत कुठं हो?" त्या काकांच्या बायकोनं मागून विचारलं, आणि सभा बरखास्त झाली.

केतन तिकडं वळला तसे दादाराव हळूच म्हणाले, "तो इंजिनिअर आहे. त्याला देण्यातलं काय कळतं? इकडं या." आणि जिन्याखाली नेऊन चार म्हाताऱ्यांना विड्याची घडी शिकवली. मास्ट्रिख्टच्या लेकाकडं आलेल्या एका आजोबांनी शिकता शिकता नोटच फाडली. दादाराव म्हणाले, "सराव आधी कागदावर करायचा असतो."

आता लीस्बेतबाई. ती त्या धिरड्याच्या हॉटेलात वाढायला. साठीला टेकलेली, भरलेली, केस आखूड पांढरे, आवाज असा की स्वयंपाकघरातून हाक मारली तर कालव्यातली बदकं वळून बघत. निळा एप्रन. पुढच्या मोठ्या खिशात नॅपकिन, पेन, बिलाचं मशीन, आणि उजव्या कमरेवर एक लहानसा खिसा, ज्यात ती कधी हात घालत नसे. आम्हाला जे दिसत नाही ते दादारावांना तिच्यात दिसायचं.

"गयाबाई, मनगट बघा. तीन बशा आणि वर कॉफी. बशी हलते, कॉफी हलत नाही."

"चार नाही ना पण?"

"चार आपल्याकडं. हिच्या बशा परातीएवढ्या आहेत."

दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. दादाराव तिला हात पसरून दाखवायचे की मी चार धरायचो. ती भुवया उडवायची, मग कमरेत वाकून सलाम करायची. दर शनिवारी आम्ही तिथं जायचो आणि दादाराव तिनं पुसलेलं टेबल तपासून मान डोलवायचे. ही मान मात्र खरी असायची.

काउंटरवर काचेची एक मोठी बरणी होती. येणारे-जाणारे तिच्यात सुटे टाकायचे. दादारावांनी ती बघितली आणि तोंड फिरवलं. "इथंही डबाच," म्हणाले.

पुढचं मी दादारावांच्या शेवटच्या खेपेला एका शनिवारी बघितलं. लीस्बेतबाई बशा घेऊन आमच्या खुर्च्यांमधून निघाली. तिला वाट द्यायला दादाराव अर्धे उठले, अर्धे वळले, पुन्हा बसले. बाई पुढं गेली. दादारावांचा हात मांडीवर, चेहऱ्यावर बुद्धासारखी शांती.

"मी बघितलं हं," मी म्हणाले.

"काय बघितलं?"

"विडा. कमरेच्या खिशात."

"विहीणबाई, मोतीबिंदू तपासून घ्या."

ज्या माणसानं सगळा जन्म लोकांच्या हातून गुपचूप घेतलं, त्याला गुपचूप द्यायला काय जड? मलाही वाटलं, जाऊ दे, बाई घरी जाईल, एप्रन काढेल, तिला विडा सापडेल. परभणीला दादारावांचा वाढायचा सदरा घरीच धुवायला जायचा आणि त्यांची बायको तो झटकला की नाणी वाजतात का बघायची. आम्हाला वाटलं, एप्रन सगळीकडं घरीच जातात.

त्या वर्षी आमची परत जायची तारीख जवळ आली होती. शनिवारी गेलो तर लीस्बेतबाई नाही. वाढायला दुसरीच एक बारीकशी बाई. तिनं धिरड्यांची अदलाबदल केली, पाक आणायला विसरली. दादारावांना ते बघवेना. मैत्रीला म्हणाले, "विचार गं, ती कुठं आहे. आजारी आहे का?"

मैत्रीनं त्यांच्या भाषेत विचारलं. बाईनं इकडंतिकडं बघितलं आणि खाली वाकून पुष्कळ काही सांगितलं. मैत्री आम्हाला सांगत गेली.

"तिला मालकानं घरी बसवलंय. सोमवारी ठरवणार, ठेवायची की काढायची."

"का?"

"इथं म्हणे सगळ्यांची टिप त्या बरणीत जाते. आठवड्यानं बरणी टेबलावर उपडी करतात आणि सगळे मिळून वाटून घेतात. वाढणारे, धिरडी करणारे, मागं भांडी घासणारी बाई, सगळे. आणि एप्रन मालकीणबाईच धुते. धुवायच्या आधी खिसे बघते. लीस्बेतच्या खिशात नोटा सापडल्या. एकदा नाही, सारख्या. बरणीत टाकायच्या सोडून लपवल्या म्हणतात. ती म्हणते, मला ठाऊकच नाही कुठून आल्या. इतकी वर्षं आहे इथं, पण आता तिच्याशी कुणी बोलत नाही."

"नोटा राहून गेल्या असतील," केतन म्हणाला.

मैत्रीनं तेही विचारलं. बाई म्हणाली, राहून गेलेल्या नोटा अशा असतात का? आणि तिनं कागदी नॅपकिनचा कोपरा फाडला, तिकोनी दुमडला आणि टोक आत खोचलं.

मैत्री त्या नॅपकिनकडं बघत राहिली. मग केतन बघत राहिला. मग दोघांनी मिळून दादारावांकडं बघितलं.

दादाराव बशीत बघत म्हणाले, "गार होतंय. खा."

घरी आल्यावर जे झालं त्याला भांडण म्हणावं की पंचायत, मला सांगता येत नाही. केतन एकदाच बोलला, पण फार वेळ बोलला. वचन दिलं होतं, शब्द दिला होता, एका बाईच्या पोटावर पाय आला. दादाराव खांद्यावरचा नॅपकिन काढून त्याच्या घड्या घालत होते. मग केतन वर निघून गेला आणि मैत्री त्याच्यामागं. मी चहा टाकला.

"मी तिचं भलं करायला गेलो," दादाराव म्हणाले.

"झालं ना भलं?"

"डबा मालकाचा असतो, विहीणबाई. मला शिकवू नका. मी डबे बघितलेत."

"तुम्ही एक डबा बघितला. परभणीचा. इथला टेबलावर उपडा करतात."

"तुम्ही बघितलात उपडा करताना?"

"आणि तुम्ही खालचं भोक बघितलंत?"

त्यांनी नॅपकिनची घडी मोडली आणि पुन्हा घातली. मग मलाही राहवलं नाही. म्हटलं, "दादाराव, मागच्या भांडी घासणाऱ्या बाईलापण त्या बरणीतलं मिळतं म्हणे. तुमच्या हातावर लोक टिप ठेवायचे तेव्हा पोळी कुणी लाटलेली असायची?"

"तुम्ही."

"मला कधी मिळाली?"

"मी तुम्हाला भजी आणून द्यायचो की."

"ती भजी मीच तळलेली असायची."

दादारावांनी चहाचा घोट घेतला आणि कपात बघत म्हणाले, "गरम असायची पण."

मला हसू आलं. त्यांना आलं नाही. त्या रात्री ते जेवले नाहीत. जो माणूस उभ्या जन्मात कुणाच्या ताटात कमी पडू देत नव्हता, तो स्वतःच्या ताटावरून उठला, तेव्हा मी समजले की आता हा सरळ मालकासमोर जाऊन उभा राहील.

सकाळी केतन म्हणाला, मालकाला ईमेल करतो, सगळं समजावून लिहितो. दादाराव इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते. म्हणाले, "गिऱ्हाईकाची तक्रार असली तर वेटर टेबलापाशी जातो. टपाल नाही पाठवत."

गेलो चौघंही. मालकाचं नाव हेंक. ताडासारखा उंच, अंगात खिशाखिशांचं जाकीट. हॉटेल अजून भरायचं होतं. मैत्रीनं सगळं सांगितलं. हा म्हातारा, हे त्याचे पैसे, हा असा असा त्याचा स्वभाव, बाईला काही माहीत नाही. हेंकनं ऐकून घेतलं. तिथली माणसं बोलणं मध्ये तोडत नाहीत. पुरं ऐकतात आणि मग सरळ नाही म्हणतात.

"तो म्हणतो, तुम्ही चांगली माणसं आहात," मैत्री म्हणाली. "लीस्बेत तुम्हाला आवडते म्हणून तिला वाचवायला आलात. पण हे होणं शक्य नाही."

"का शक्य नाही?"

"तो म्हणतो, लीस्बेतच्या पाठीला डोळे आहेत. कोपऱ्यातल्या पोराच्या हातून पाक सांडायच्या आधी तिला कळतं. तिच्या कमरेच्या खिशात कुणी नोट घातली आणि तिला कळलं नाही, असं होणारच नाही. आणि एकदा नाही, दर शनिवारी? तो म्हणतो, मला गोष्टी सांगू नका."

दादारावांना शब्द कळले नाहीत, पण 'शक्य नाही' कुठल्याही भाषेत तोंडावर दिसतं. त्यांचा चेहरा उतरला. एवढं कबूल करायला आले, आणि कबुलीच कुणी घेईना.

मग ते उठले. मला वाटलं, निघाले. पण शेजारच्या टेबलावर कुणाच्या तरी दोन बशा आणि कप तसेच पडले होते. दादारावांनी ते सवयीनं उचलले, खांद्यावरच्या नॅपकिननं टेबल पुसलं, हेंकच्या एका बाजूनं 'सॉरी' म्हणत गेले, बशा काउंटरवर ठेवल्या, दुसऱ्या बाजूनं 'सॉरी' म्हणत परत आले आणि बसले. हेंकनं अंग चोरून वाट दिली. केतननं कपाळाला हात लावला. "अण्णा, आत्ता बशा उचलायची वेळ आहे का?"

"मैत्री," दादाराव म्हणाले, "त्यांना म्हणावं, खिशात हात घाला."

हेंक हसला. जाकिटाच्या एका खिशात हात घातला. हसू गेलं. दोन बोटांत विडा धरून बाहेर काढला. त्याचं टोक आत खोचलेलं.

"दुसऱ्याही बाजूला म्हणावं."

दुसऱ्या खिशातही होता.

हेंकनं बायकोला हाक मारली. ती पिठाच्या हातांनी बाहेर आली. त्यानं तिला सांगितलं, तिला पटेना. मग हेंक खांबासारखा उभा राहिला, हात दोन्ही खिशांवर धरले आणि दादारावांना खूण केली, पुन्हा करा. दादारावांनी पुन्हा केलं. ह्या खेपेला हेंक डोळ्यांत तेल घालून त्यांच्या उजव्या हाताकडं बघत होता. विडा त्याच्या शर्टाच्या वरच्या खिशात निघाला. मालकीणबाई एवढी हसली की तिनं पिठाचे हात डोळ्यांना लावले.

हेंक खुर्चीत बसला आणि मैत्रीला काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतो?" दादारावांनी विचारलं.

"म्हणतो, आयुष्यभर मी खिशातून काढणाऱ्या हातांवर नजर ठेवली. घालणारा हात आज पहिल्यांदा आला."

त्यानं तिथूनच फोन केला. लीस्बेतबाई सायकलवरून आली, श्वास चढलेला, डोळे सुजलेले, एप्रन नसल्यानं वेगळीच दिसत होती. आम्हाला वाटलं, आता रडेल, दादारावांचा हात धरेल. आपल्याकडं तसंच झालं असतं. तिनं आधी हेंकला फैलावर घेतलं. मैत्रीनं त्यातलं अर्धंच सांगितलं, बाकीचं सांगण्यासारखं नव्हतं म्हणाली. हेंकनं मान खाली घालून ऐकलं, सगळ्यांसमोर माफी मागितली आणि स्वतः जाऊन तिला कॉफी आणली. बशी हलली, कॉफीही हलली.

मग ती दादारावांकडं वळली. कमरेवर हात.

"ती म्हणते," मैत्री हळूच म्हणाली, "माझ्या खिशात माझ्या परवानगीशिवाय हात घातलात. मला ते आवडलं नाही. अजिबात आवडलं नाही. चांगल्या मनानं घातलात हे मला कळतं, तरी आवडलं नाही."

दादाराव उभे राहिले. हात जोडले. बोलले असते तरी भाषांतर कुणी केलं असतं, मैत्रीच्याच डोळ्यांत पाणी होतं.

लीस्बेतबाईनं त्यांचे जोडलेले हात सोडवले, मनगटाला धरून काउंटरपाशी नेलं आणि बरणीवर बोट ठेवलं. इथं. सगळ्यांसमोर. मग आतल्या भांडी घासणाऱ्या बाईला हाक मारून बाहेर बोलावलं. लहानखुरी सावळी बाई, कोपरापर्यंत फेस. लीस्बेतनं बरणीकडं बोट केलं, मग त्या बाईकडं, मग स्वतःकडं, मग हेंककडं बोट केलं आणि नाही अशी मान हलवली. हेंकला ह्यातलं नाही. हे न सांगता सगळ्यांना कळलं.

दादारावांनी खिशातून नाणं काढलं. ते बरणीत टाकायला त्यांना जेवढे कष्ट पडले, तेवढे मी त्यांना चार ताटं धरतानाही पडलेले पाहिले नाहीत. चारचौघांत, वाजवून द्यायचं म्हणजे त्यांच्या लेखी मिरवणंच होतं. नाणं पडलं. खणकन वाजलं. भांडीवाली बाई मान हलवून आत गेली.

सोमवारी लीस्बेतबाई कामावर होती. आम्ही तिथून गेलो तेव्हा तिनं काचेतून हात केला.

त्यानंतर उरलेल्या दिवसांत दादारावांचं एक कामच झालं. सकाळी मैत्री त्यांना दुकानात दुधाला पाठवायची; बाटल्या सारख्याच आणि वरची अक्षरं वाचता यायची नाहीत, म्हणून बरेचदा ताक यायचं. जाताना वाटेवर ते हॉटेलात डोकवायचे. खायचं-प्यायचं काही नाही. नाणं वर धरायचं, लीस्बेतबाई बघतेय ना ते बघायचं, भांडीवालीला दिसतंय ना ते बघायचं, आणि टाकायचं. लीस्बेतबाई तिच्या भाषेत, तिच्या त्या आवाजात ओरडायची, "बघितलं!" बदकं वळायची. केतन म्हणाला, अण्णा, न खाता टिप द्यायची कुठल्याच देशात पद्धत नाही. दादाराव म्हणाले, मागच्या वर्षांची भरतोय. मला मात्र ठाऊक होतं की ते नुसता चारचौघांत द्यायचा सराव करत होते.

निघायच्या दिवशी दुपारचं विमान. आमच्या बॅगा दारात. सकाळी मैत्री म्हणाली, अण्णा, चहापुरतं दूध आणता का? दादारावांनी पांढरा शर्ट घातला, पिशवी घेतली आणि निघाले. त्यांचे पाय दुखायला लागले होते, म्हणून मी बरोबर गेले. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी त्यांना विमानात बसू दिलं नाही आणि मग थंडी आली, तेव्हा त्या गावातलं त्यांचं हेच शेवटचं काम. पण ते आम्हाला तेव्हा कुठं ठाऊक होतं?

हॉटेल उघडायचं होतं. लीस्बेतबाई बाहेर खुर्च्या मांडत होती. दादारावांनी पिशवी माझ्याकडं दिली आणि तिच्याबरोबर चार खुर्च्या मांडल्या. तिनं एक पुन्हा सरळ केली. त्यांनी ती आणखी सरळ केली. मग आत जाऊन नाणं वर धरलं. बरणी अजून काउंटरवर आलेली नव्हती. लीस्बेतबाईनं ती आणून ठेवली, भांडीवालीला हाक मारली, ती आली. नाणं पडलं.

"बघितलं!" लीस्बेतबाई म्हणाली.

दुकानात जाऊन दादारावांनी बाटली घेतली, मशीनला कार्ड लावलं, पिशवी खांद्याला अडकवली. घरी आल्यावर मैत्रीनं बाटली उघडून पातेल्यात ओतली आणि कपाळाला हात लावला. नेहमीप्रमाणे त्यांनी दुधाऐवजी ताक आणलं होतं. मैत्रीनं कढी केली आणि आम्ही कढी-भात खाऊन विमानतळाला निघालो.